बिनदाराची खोली: नववा अनुवाद

१

सरांचं अक्षर खुद्द सरांनाही लागत नसे. म्हणून लग्नाला वर्ष व्हायच्या आतच त्यांचं सगळं लिखाण सुवाच्य करून देण्याचं काम वहिनींकडे आलं, ते आलंच. सर शाळेत भाषा शिकवायचे, आता निवृत्त होते. बत्तीस वर्षांत त्यांनी परक्या भाषांतली अकरा नाटकं आपल्या भाषेत आणली, आणि ती सगळी वहिनींच्या हातून कागदावर उतरली. नाटकमंडळी सरांना सर म्हणत आणि त्यांना वहिनी. वयाने दुप्पट असलेला रंगभूषाकारही वहिनीच म्हणायचा.

वहिनींची पद्धत ठरलेली होती. सकाळी अंघोळ, देवापाशी दिवा, मग जेवणाच्या टेबलावरून ओलं फडकं फिरवायचं आणि दहा पानं लिहायची. खाडाखोड करायची नाही. मध्येच उठायचं नाही. वाक्य अर्धं टाकून पान उलटायचं नाही. पोथी उतरवावी तसं.

"अगं, नाटक आहे ते," सर चिडवायचे. "पहिल्या पानापासून तिघं एकमेकांची अक्कल काढतायत. त्यात देव कुठून येणार?"

"नाटकात नसेल. लिहिणाऱ्याच्या मनात असला की पुरे."

"मग त्याला सांग, दुसरा अंक फार लांबलाय."

या वर्षीचं नाटक साता समुद्रापलीकडचं होतं. 'बिनदाराची खोली'. खोलीत तीन माणसं सुताराची वाट बघत बसली आहेत. सुतार येऊन खोलीला दार बसवणार आहे. पण दारच नाही तर सुतार आत येणार कुठून, हे तिघांपैकी एकालाही सुचत नाही. ते हवापाण्याच्या गप्पा मारतात, दाराला कोणता रंग द्यावा यावर हातघाईला येतात, आणि पडदा पडतो. वहिनींना हे नाटक आवडलं होतं. त्यांना त्यात माहेरची दोन-तीन माणसं ओळखू आली होती.

हे नाटक त्यांच्या घरी येण्याचं कारण मात्र वहिनीच होत्या. मूळ लेखकाने एक विचित्र अट घालून ठेवली होती. नव्या अनुवादकाने मूळ नाटकाला हात लावायचा नाही, आधीच्या अनुवादावरूनच पुढचा करायचा. शब्द हातोहाती फिरून झिजत झिजत शेवटी काय उरतं, ते त्याला बघायचं होतं म्हणे. आठवा अनुवाद नेमका वहिनींच्या आईच्या भाषेत झाला होता. सर ती भाषा लग्नानंतर शिकले होते. सासूशी बोलता यावं म्हणून, असं ते सांगत. सासूने आपल्याला काय म्हटलं ते कळावं म्हणून, असं वहिनी सांगत.

२

अनुवादाबरोबर एक फाइल फिरत असे. सुरुवातीला एक यादी होती. प्रत्येक अनुवादकाने स्वतःच्या हाताने नाव लिहून त्यापुढे सही करायची. मग त्याचा लिहायच्या टेबलापाशी बसलेला एक फोटो, आणि त्याच्या भाषेतल्या पहिल्या प्रयोगाचा एक, खाली त्या प्रयोगाची हकिकत. सरांना प्रस्तावनेत या सगळ्या प्रवासाचा इतिहास लिहायचा होता, म्हणून वहिनी फाइल उतरवून घेत होत्या.

मजकूर मजेदार होता. पहिल्या अनुवादाच्या पहिल्या प्रयोगाला अकरा प्रेक्षक होते. त्यातले चार जण नाटक अजून सुरू व्हायचंय असं समजून गप्पा मारत बसले आणि शेवटी वैतागून निघून गेले. तिसऱ्या देशात, सुतार म्हणजे नेमका कोण पुढारी, या संशयावरून पोलिसांनी प्रयोग बंद पाडला. पाचव्या ठिकाणी कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये कामगारांनी तो केला आणि दुसऱ्या दिवशी खरोखरच एका सुताराला प्रेक्षकांनी खांद्यावर घेतलं.

वहिनी हसत हसत लिहीत होत्या. पाचव्या प्रयोगाचा फोटो बाजूला ठेवताना त्यांचा हात थांबला.

रंगमंचावर तीन खुर्च्या, त्यांवर तीन नट. आणि त्यांच्या मागे, अगदी मागच्या भिंतीशी, आणखी माणसं बसलेली. ओळीने. सगळ्यांची तोंडं भिंतीकडे, पाठी प्रेक्षकांकडे. त्यांनी मोजलं. पाच.

मग त्यांनी सगळे फोटो टेबलावर मांडले. पहिल्यात पाठमोरं माणूस एक. दुसऱ्यात दोन. तिसऱ्यात तीन. आठव्यात आठ.

"अहो, नाटकात माणसं किती?"

"तीन. चौथा येतच नाही, तेच तर नाटक आहे."

"मग ही मागची?"

सरांनी चष्मा वर ढकलून फोटो डोळ्याजवळ धरला. "नेपथ्य. पहिल्या वेळी लेखकच हौसेने जाऊन बसला असेल. मग प्रत्येकाने एकेक वाढवला. नाटकवाले अशा खोड्या करतातच."

पटण्यासारखं होतं. वहिनींनी मानही डोलावली. पण वहिनी म्हणजे उभा जन्म रफू करण्यात गेलेली बाई. माणूस विसरतील, त्याचं उसवलेलं विसरणार नाहीत. दुसऱ्या फोटोतल्या एका पाठमोऱ्याच्या डाव्या कोपरावर रफू होतं. चौकोनी, आडव्या टाक्यांचं, घाईने केलेलं. तसंच रफू त्यांनी आत्ताच कुठेतरी बघितलं होतं. त्यांनी पानं मागे उलटली. पहिला अनुवादक टेबलाशी बसला होता, हात गालाला, डावं कोपर समोर.

तिसऱ्या अनुवादिकेच्या जाड वेणीत हाडाची मोठी पिन होती, वरचा दात तुटलेली. ती पिन चौथ्या फोटोत होती. पाचव्यात होती. सहाव्यात, सातव्यात, आठव्यात होती. या प्रयोगांमध्ये वर्षं गेलेली, समुद्र आडवे आलेले. वेणी तेवढीच, पिन तीच.

त्या दिवशी वहिनींची दहाऐवजी सहाच पानं झाली.

३

दुसऱ्या अंकातल्या एका वाक्यावर सर अडून बसले होते. आठव्या अनुवादकाला त्यांनी दोन पत्रं घातली होती, उत्तर नव्हतं. फाइलमध्ये फोन नंबर होता.

"तूच लाव," सर म्हणाले. "तुझी भाषा. मी बोललो की लोक हसतात."

फोन एका बाईने उचलला. आवाज वहिनींच्याच वयाचा. वहिनींनी आईच्या भाषेत आपली ओळख दिली.

"म्हणजे तुम्ही नववे," बाई म्हणाल्या.

"आमचे हे करतायत. तुमच्या मिस्टरांना एक विचारायचं होतं. आहेत का घरी?"

"घरीच आहेत. बसलेत. विचारते मी, पण ताई, उत्तर मला देतील, तुम्हाला नाही. ते वळत नाहीत."

"आजारी आहेत?"

"डॉक्टर म्हणतात, सगळं ठीक. डोळे, कान, रक्त, सगळं. जेवतात, झोपतात, गोड बोलतात. पण भिंतीकडे तोंड करून. मी समोर जाऊन बसले की वळतात, पुन्हा पाठ माझ्याकडे. मुद्दाम नाही हो. त्यांना वाटतं, मी समोरच बसलेय. समोर बघून मला म्हणतात, आज तुला ही साडी शोभतेय. आणि मी तिथे नसतेच."

वहिनींनी मांडीवरचा पदर घट्ट धरला. "कधीपासून?"

"तुमच्या मिस्टरांचं पत्र आलं ना, सुरुवात केली म्हणून? त्या आठवड्यापासून."

"मग आम्ही थांबतो. आजच सांगते यांना."

"आम्हीही थांबलो होतो. सातव्यांच्या मुलीचा असाच फोन झाला होता. आधी आम्ही हसलो, मग चांगले तीन महिने कागदाला हात लावला नाही. तिच्या वडिलांना त्याने काही फरक पडला नाही. शेवटी यांनी पूर्ण केलं." मग बाई एकदम बाईच्या जातीने म्हणाल्या, "तुमच्या मिस्टरांचा चेहरा बघून घ्या, ताई. आपण बघतच नाही. मला आता यांच्या हनुवटीवरचा तीळ डावीकडे की उजवीकडे, तेही खात्रीने सांगता येत नाही."

आतून एका पुरुषाचा आवाज आला. हसरा, प्रेमळ. बाई म्हणाल्या, "बघा, मला चहा विचारतायत," आणि फोन ठेवला.

सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि मोठ्याने हसले. "आता तूच नाटक लिही. मी उतरवून देतो."

"हसू नका."

"अगं, माणूस म्हातारा झाला की विक्षिप्त होतो. मी फिरवीन पाठ तुझ्याकडे? एवढी भांडणं झाली आपली, एकदा तरी कूस बदलून झोपलोय?"

"मागच्या महिन्यात, पंख्यावरून."

"तो पंखा वेगळा," सर म्हणाले.

वहिनी हसल्या. पण हसताना सरांच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. उजव्या भुवईत एक पांढरा केस होता, लांब, इतरांपासून फटकून उभा. तो कधी आला, ते त्यांना सांगता आलं नसतं.

४

पुढे जे झालं ते अगदी साधं होतं. सरांच्या डोळ्यासमोर काळे ठिपके यायला लागले, डॉक्टरांनी डोळ्याचा पडदा सरकल्याचं सांगितलं. शस्त्रक्रिया झाली. दोन महिने वाचायचं नाही, लिहायचं नाही, मान खाली घालून पडून राहायचं. सरांनी तिथेही, पडद्याचंच काम आहे, माझ्याच वाट्याला येणार, असा विनोद करून परिचारिकेला हसवलं. पण तिसरा अंक व्हायचा होता आणि प्रयोगाची तारीख ठरली होती.

"वहिनी, काहीतरी करा," दिग्दर्शक म्हणाला. तो दिवसा बँकेत कारकून होता आणि संध्याकाळी हुकूमशहा. "तिसरा अंक नाही तर मी काय, प्रेक्षकांना चहा पाजून घरी पाठवू?"

"करते मी," वहिनी म्हणाल्या.

भाषा आईची होती, नाटक पाठ झालं होतं, हात सरावाचा होता. तिसरा अंक त्यांना जड गेला नसता. पण वहिनींनी त्या सकाळी दिवा लावल्यावर देवापुढे नेहमीपेक्षा जास्त वेळ हात जोडले. काय मागितलं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. इतकंच, की उठल्यावर त्यांनी सरांची दोन अंकांची वही कपाटात खाली, चादरींच्या घडीखाली ठेवली, आणि कोरा कागद घेऊन पहिल्या अंकाच्या पहिल्या वाक्यापासून सुरुवात केली. सरांचं एकही वाक्य घ्यायचं नाही. जे उतरेल ते आपलं. चाळीस दिवसांचा नेम त्यांनी धरला. एक वेळ जेवायचं आणि लेखणी हातात असेपर्यंत बोलायचं नाही.

पलीकडच्या खोलीत सर उशीत तोंड खुपसून पडलेले असत. मधूनच विचारत, "सुतार आला का गं?"

वहिनी टेबलावर टिचकी वाजवत. एक टिचकी म्हणजे नाही.

चाळिसाव्या दिवशी शेवटचं पान झालं. एकही खाडाखोड नव्हती. यादीवर सही करायची राहिली होती.

"तूच कर माझी," आतून सर म्हणाले. "माझी सही माझ्यापेक्षा तुला बरी येते. शाळेच्या किती कागदांवर केलीयस."

ते खरंच होतं. वहिनींनी आठ नावांखाली नववं नाव लिहिलं. हळूच, वळणदार, अक्षर न् अक्षर लागेल असं. स्वतःचं. सहीही स्वतःची केली. मग टेबलापाशी बसून शेजारणीकडून एक फोटो काढून घेतला, तोही फाइलमध्ये चिकटवला. शाई वाळेपर्यंत त्या नुसत्या बघत बसल्या. भीती वाटायला हवी होती. पण पहिल्यांदाच ऊन पाठीवर चांगलं लागतंय, असं त्यांना वाटलं.

५

पहिला प्रयोग रविवारी दुपारी झाला. सभागृह नगरवाचनालयाच्या वरचं, खुर्च्या लाकडी, पंखे आवाज करणारे. सर काळा चष्मा लावून पहिल्या रांगेत, शेजारी वहिनी. प्रयोगाआधी त्या मुद्दाम रंगमंचावर जाऊन आल्या होत्या.

"मागे कुणी बसणार नाही ना?" त्यांनी दिग्दर्शकाला विचारलं होतं.

"वहिनी, मंडळाकडे तीनच खुर्च्या आहेत, त्यातली एक डुगडुगते. मागे काळा पडदा. बास."

त्यांनी पडद्याला हात लावून बघितलं होतं. मागे भिंत होती, ओल आलेली. मध्ये माणूस मावेल एवढी जागा नव्हती.

प्रयोग रंगला. दाराच्या रंगावरून हातघाई झाली तेव्हा लोक हसून हसून बेजार झाले. वहिनी हसल्या नाहीत, त्या मागचा पडदा बघत होत्या. पडदा हलला नाही. काही दिसलं नाही. हळूहळू त्यांचे खांदे सैल पडले.

तिसऱ्या अंकात सर त्यांच्या कानाशी वाकले. "हे वाक्य माझं नाही."

वहिनींनी नजर रंगमंचावरच ठेवली.

"मघाचंही माझं नव्हतं. एकही माझं नाही." त्यांनी वहिनींचा हात शोधून धरला. "माझ्यापेक्षा चांगलं झालंय. नाव का नाही लावलंस?"

"लावलंय," वहिनी म्हणाल्या. "जिथे लावायचं तिथे."

फोटो चार दिवसांनी आला. दिग्दर्शक स्वतः घेऊन आला, खूश होता. तीन नट, तीन खुर्च्या, मागे काळा पडदा. पडद्याशी नऊ पाठी.

"प्रकाश वाईट पडला," दिग्दर्शक म्हणाला. "पडद्याच्या घड्या बघा कशा माणसांसारख्या दिसतायत."

"हो ना," वहिनी म्हणाल्या. घड्याच असतील. रात्रंदिवस तेच डोक्यात असलं की माणसाला घड्यांतही माणसं दिसतात. त्यांनी स्वतःला हे दोनदा समजावलं. पण घड्यांच्या कोपराला रफू नसतं. घड्यांना वेणी नसते. शेवटच्या, नवव्या पाठीने आठव्या अनुवादकाच्या फोटोतला, हाताने विणलेला स्वेटर घातला होता. मान किंचित पुढे झुकलेली. समोरच्या कुणाशी तरी लाडाने बोलत असावी तशी.

त्या पाठीशेजारी, ओळीच्या टोकाला, पडद्यापुढे थोडी जागा रिकामी होती.

६

सरांचा डोळा सुधारला. पावणेदोन वर्षं चांगली गेली. मग दूरच्या एका देशातून पत्र आलं. तिथल्या कुणा प्राध्यापकाला दहावा अनुवाद करायचा होता, फाइल हवी होती. सर इतके हरखले की वहिनी बाजारातून परत यायच्या आत त्यांनी फाइल बांधून टपालात टाकलीसुद्धा.

"सांगायचं तरी," वहिनी म्हणाल्या.

"त्यात सांगायचं काय? जगभर जाईल तुझं नाव."

वहिनींनी पिशवीतली भाजी काढून ठेवली. सावकाश. मग त्या सरांसमोर जाऊन बसल्या आणि त्यांचा चेहरा बघितला. पांढरा केस आता एकटा नव्हता, भुवई अर्धी पांढरी झाली होती. हे त्या रोज करत आल्या होत्या. फोनवरच्या बाईंचं ऐकून लागलेली सवय. सरांना वाटे, म्हातारपणी बायको पुन्हा प्रेमात पडली.

प्राध्यापकाचं कळवणारं पत्र आलं: सुरुवात केली.

पहिला आठवडा वहिनी श्वास धरून होत्या. सकाळी उठल्यावर आधी सरांकडे बघत. सर समोर. पेपर वाचताना समोर. जेवताना समोर. तोंड त्यांच्याकडे, डोळे त्यांच्याकडे. दुसरा आठवडा गेला. तिसरा गेला. सर कुठेही वळले नाहीत. उलट अलीकडे ते फार गोड वागत होते. भांडत नव्हते, पंख्याचं नाव काढत नव्हते. वहिनींनी देवाचे आभार मानले. त्यांनी जे मागितलं होतं ते मिळालं होतं: यांचा चेहरा फिरू नये.

त्या दिवशी सकाळी दोघं टेबलाशी बसले होते. ऊन खिडकीतून आलं होतं. सर समोर, दोन्ही हातांत पेपर. त्यांनी वहिनींकडे बघून म्हटलं, "ही साडी तुला शोभते."

वहिनी लाजल्या. "जुनीच आहे हो," म्हणाल्या.

"कुणाशी बोलतेस?"

आवाज सरांचा होता. पण समोरच्या सरांचे ओठ मिटलेले होते. आवाज मागून आला होता. थकलेला, खूप वेळा तेच विचारून झालेला.

"अगं, इकडे बघ ना. महिना होत आला. मी इथे आहे. तिथे भिंत आहे नुसती."

वहिनी झटकन वळल्या. सर समोर होते, पेपर हातात, ऊन चेहऱ्यावर, हसरे. आणि मागे, आता अगदी जवळ, कुणीतरी श्वास आवरून धरला होता, रडू आवरताना धरतात तसा.

त्यांच्या खांद्यावर हात पडला. ऊबदार, बोटांची पेरं सुजलेली, करंगळीला वाकडं वळण. बत्तीस वर्षांपेक्षा जास्त ओळखीचा हात. समोर सरांचे दोन्ही हात पेपरवर होते.

वहिनी पुन्हा वळल्या नाहीत. काय होईल ते त्यांना कळलं होतं. त्यांनी फक्त आपला हात वर नेला आणि खांद्यावरचा हात घट्ट धरला.

"तुम्ही फिरवली नाहीत ना पाठ?" त्यांनी विचारलं.

"नाही गं," मागून आवाज आला. "नाही."

"मग झालं तर," वहिनी म्हणाल्या. समोर बसलेल्या सरांनी मान डोलावली आणि पेपरचं पान उलटलं. त्याचा आवाज झाला नाही.